मी उद्या उठले तरी हा कागद फाडू नये

मी सत्यशीला हनुमान ढाकणे, वय सव्वीस, शिक्षान सहावी, राहनार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. उद्या सकाळी माज्या पोटातली गाठ काढनारेत. त्याच्या आदी हे लिवतीय. माजं डोकं ठिकानावर हाय आन कुनी हात धरून लिवून घेत न्हाई. भ्याव लई वाटतंय. पर "भ्यालेलं मानूस येडं नसतं, लिव तू," असं बाजूच्या खाटंवरच्या सावित्रीबाई मनल्या. वही माज्या लेकीची, प्रांजलची हाय. मागची पानं कोरी व्हती.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. वर एकदा आन शेवटी सहीत, तेवढं बास. खाली प्रांजलचे पप्पा असंच लिवीन.

१. प्रांजल सात वर्साची हाय. माज्या माघारी ती माजी आई वत्सलाबाई हिच्यापशी उमापूरला राहील आन तिथंच साळंत जाईल. तिला ऊसतोडीला, फडावरच्या पाचटाच्या कोपीवर, कुटंच न्यायची न्हाई. तिच्या बापानं बी न्हाई. मी सहावीतून आईबापाच्या मागं ऊसाला गेलते. परत आले तवा माज्या बाकड्यावर दुसरी पोरगी बसलती. ती मनली, "आता हितं मी बसती." मी मागं जाऊन भिताडाला टेकले. प्रांजलचं तसं व्हऊ नये. बाकी कायबी नका ऐकू, येवढं ऐका.

२. दोन शेळ्या आईला. काळी मारकी हाय, तिच्याकडं डाव्या अंगानं जावं.

३. जोडवी आन पायातल्या पट्ट्या प्रांजलला, मोठी झाल्यावर. मंगळसूत्राचं मी काय सांगत न्हाई. त्यांनी आनलंतं, त्यांनीच काय करायचं ते करावं.

४. माजा कोयता. मुठीला प्रांजलच्या जुन्या फ्रॉकची चिंधी गुंडाळलेली हाय, त्योच. आईला, घास कापायला. मनिषाला देऊ नये.

कावून ते लिवते. आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. मुकादमाच्या वहीत दोगांची नावं एका वळीत असत्यात. सोमवारी मुकादम मुंजाजीभाऊ मला बघाया आले, केळं घिऊन. मनले, "वयनी, निवांत ऱ्हावा आता. औंदा कोयत्याची काळजी न्हाई, तुमच्या मालकाचं नाव मनिषासंग लिवलंय."

मनिषा माजी सख्खी धाकटी बहीन. सासर सोडून दोन वर्सं आमच्यातच ऱ्हाती. मीच आनलती.

मी इचारलं, "कवा लिवलं, भाऊ?"

"पोळ्याला की. दोगं बी आलते घरी. तुमाला ठावं न्हाई व्हय?" मंग त्यांना कळलं, आन ते केळं सोलीत बसले. सोलून त्यांनीच खाल्लं.

माजी गाठ पितरात सापडली. पोळा तिच्या तीन आठवडं आदी. तवा मी धडधाकट व्हते, पुरनाच्या पोळ्या मीच लाटल्या. दोगं "मातीचे बैल आनतो" मनून गेलते. येताना बैल आनलेच न्हाईत. मनिषा मनली, "संपले, ताई." आन मी हसलते.

सांजंला प्रांजलच्या पप्पाला इचारलं, "कावून?"

ते पंख्याकडं बघत मनले, "तुला सांगनारच व्हतो. ऑपरेशन झाल्यावर."

"आन मी उठलेच न्हाई तर?"

"तू बी ना."

आन उठून खाली च्या प्यायला गेले.

५. मोबाईल. काच तडकली हाय पर चालतो. प्रांजलचे फोटू आदी काढून घ्यावेत, मंग त्यो मनिषाला द्यावा. हां, मनिषालाच.

त्यात एक पिक्चर हाय, भुताचा पर हसायचा. लग्नघरातली एक पोरगी. रातच्याला भूत येतं, तिला हिरीत ढकलतं, ती मरती. आन सकाळी त्याच खाटंवर उठती. त्योच बँड, तीच मामी, मामीच्या हातून पोह्याची तीच ताटली पडनार. पयल्यांदा बघताना भ्याव वाटतं. पर चौथ्या सकाळी ती पोरगी ताटलीखाली हात धरून आदीच हुबी ऱ्हाती, तवा हसू आवरत न्हाई. भूत तेच, हीर तीच, पर आता तिला ठावं असतं. मला ते लई आवडायचं. आमचं बी रोज तेच, तोडा, मोळ्या बांधा, गाडी भरा. फकस्त तिला रोज एक गोष्ट जास्त कळायची, आमाला न्हाई.

दुपारच्याला कोपीत आमी दोगी हेडफोनचं एक एक बोंडूक कानात घालून बघायचो. मनिषा मनायची, "ताई, मला असं सारखं मराया मिळालं तर मी रोज नवी साडी नेसून मरीन." मी मनायची, "आन धुयाला कोन, तुजं भूत?" पर ट्रॉलीचा आवाज आला की ती उठून जायची. तिनं शेवट बघितलाच न्हाई.

मनिषा, आता बघ. भुताला रोज दार उघडून देनारी त्या पोरीची मैतरीन असती, तिच्याच ताटात जेवनारी. पुन्यांदा पयल्यापासून बघितलं तर पोह्याच्याच टायमाला ती किल्ली कमरंला खोवताना दिसती. सगळं आदीच दाखवलेलं असतं. आपुन हसत असतो.

६. घरातल्या पेटीची किल्ली प्रांजलच्या पप्पाला. त्यांनी मागितलीच हाय. काल मनले, "साळंतून नाव काढायला कागद लागतेत. ह्या साली पोरीला संगच नेऊ, मनिषा बघंल तिला." मी मनले, "उद्या देते." त्या पिक्चरमदल्या पोरीनं बी शेवटच्या दिशी आरडाओरडा केला न्हाई. आज सकाळी आई ती किल्ली घिऊन तलवाड्याला जाऊन आली. प्रांजलचा जन्माचा दाखला, आधार, साळंचे कागद आईच्या पिशवीत हायेत आन दुपारच्या गाडीनं आई आन प्रांजल उमापूरला गेल्या. पेटीत आता माजी लग्नातली साडी हाय. ती त्यांनी ठिवून घ्यावी.

७. त्या पोरीला सकाळ ठरलेली व्हती. मला न्हाई. मला एकदाच हाय, मनून अक्षर बिघडलंय.

पर मी उठले तरी हा कागद फाडू नये. उठले तर मनिषा डबा आनील, मी खाईन. ते "बरं वाटतंय का?" मनतील, मी "हां" मनीन. टाकं निघंस्तवर कुनाला काय बोलनार न्हाई. मंग उमापूरची गाडी धरीन. मुकादमाच्या वहीतल्या त्या वळीत माजं नाव परत लिवू नये.

सावित्रीबाई व त्यांचे मालक उत्तरेश्वरराव यांना हे सगळं मी वाचून दाखवलंय. सावित्रीबाई मनल्या, "शेळीचं डाव्या अंगाचं मोठ्या अक्षरात लिव." लिवलं हाय.

सही: सत्यशीला हनुमान ढाकणे

साक्षीदार:
सावित्रीबाई, राहनार युसूफ वडगाव (डाव्या हाताचा अंगठा)
उत्तरेश्वर, सावित्रीबाईचे मालक (सही)

ठिकान: बीड, दवाखान्यातला बायकांचा वार्ड, खिडकीजवळची खाट
तारीख: २४ सप्टेंबर २०२५, दुपारचे चार