टिटवी वाळूत उतरली

कार्तिक वद्य ४, शके १७८५

करकोचे आले! आधी नुसता आवाज, मग वर बघतो तर लांबच लांब रांग, पूर्णेच्या पात्रावरून अकोटाकडे निघालेली. खाली वाळूत चक्रवाकाची जोडीही उतरली आहे. म्हणजे थंडी आली.

रोज सकाळी मी नदीवर पाखरं बघायला जातो, असं गावाला वाटतं. वाटू दे. मी जातो पाणी किती आहे ते बघायला. आणि पाण्याकडे फार वेळ बघवत नाही म्हणून पाखरांकडे बघतो. लहानपणी पुरात सापडलो होतो. रहीमचाचा नावाड्याने शेंडी धरून बाहेर काढलं. ती शेंडी अजून दुखते असं दादा चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. हसोत.

मार्गशीर्ष शुद्ध १०

दादाने आज घर रिकामं केलं. माणसांनी बाहेर, कापसाने आत! साहेबांच्या मुलखापलीकडे कुठे तरी लढाई चालली आहे, तिकडचा कापूस येत नाही, म्हणून आमच्या कापसाला सोन्याची किंमत. अजून चढेल म्हणून कुणी विकायला तयार नाही. गावातल्या सगळ्या घरांत गंज्या लागल्या. माणसं खाली नदीच्या थडीवर झोपड्या घालून राहिली आहेत.

आमची झोपडी सगळ्यांत खाली. मी म्हणालो, "दादा, जरा वर घालू."

"वर काहून? पान्यात मगर हाये काय?"

सूर्यभानदादा माझा थोरला भाऊ. बापाच्या जागी. त्याच्यापुढे माझं तोंड उघडतं आणि तसंच मिटतं.

पौष वद्य २

नाकात कापूस, भाकरीत कापूस. खंड्यालासुद्धा आज चोचीत कापूस घेऊन बसलेला पाहिला. मासा समजला असेल.

माघ शुद्ध ७

वच्छलाला दिवस गेले आहेत. तिने सांगितलं नाही, पार्वतावहिनीने सांगितलं.

आनंद झाला. पण आमची आधीची दोन गेली. एक पोटातच, एक जन्मून दुसऱ्या दिवशी. हे तिसरं. बोटांवर महिने मोजले — आषाढ. भर पावसाळा. आणि आमची झोपडी सगळ्यांत खाली!

दादा म्हणाला, "पाऊस पडाच्या आंधी कापूस इकू, घरात जाऊ." तोंड माझ्याकडे नव्हतं. म्हणजे नक्की नाही.

फाल्गुन शुद्ध १२

चक्रवाक गेले. काल संध्याकाळपर्यंत होते.

टेकाडावरचं गायरान नांगरलं. सगळं! नुसता गवताचा माळ होता, गुरं चरायची, दरसाल टिटव्या तिथेच अंडी घालायच्या. आता काळी ढेकळं. कपाशीच लावायची, मारुतीच्या देवळाच्या पायरीपर्यंत. गुरं कुठे चरणार हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चैत्र शुद्ध ११, शके १७८६

टिटवीची जोडी टेकाडावर हिंडते आहे. ढेकळांत बसून बघते, उठते, परत बसते. एके ठिकाणी खडे गोळा केले होते, त्यावरून वखर गेला.

चैत्र वद्य ६

मग तिने गाडीवाटेच्या कडेला जागा धरली. एक अंडं घातलं. आज अकोल्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग निघाली, बैल वाट सोडून चालले. मी बांधावर उभा होतो. टिटवी पंख पसरून बैलांच्या तोंडापुढे नाचत होती. गाडीवान हसत होता. अंडं गेलं.

घरी येऊन सांगितलं तर वहिनीने मलाच झापलं. "तुमी त्याइच्या जवळ जाऊ नोका, भाऊजी. घरात गरवार बाई असली का गड्यानं पाखराच्या अंड्याले हात लावू नये. पोट्टं राहात नाई."

मी हात लावला नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत हात धूत राहिलो.

चैत्र वद्य १४

टिटवी वाळूत उतरली. पाण्यापासून जेमतेम दोन बैलगाड्यांच्या अंतरावर. आज चार अंडी पुरी झाली, मातकट, काळ्या ठिपक्यांची. लांबून पाहिली.

वैशाख शुद्ध ४

काल अक्षय्य तृतीया झाली. आज नत्थुजी टिटवीची अंडी बघायला निघाले. हे आमच्या गावात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. टिटवीने उंचावर घातली तर महापूर, थडीवर घातली तर बेताचा पाऊस, पात्रात घातली तर हलका. गाव त्यावर चालतं. नत्थुजी सगळ्यांत वडीलधारे, बघायचा मान त्यांचा. सगळं गाव मागे, पण जवळ कुणी जायचं नाही. त्यांनी जोडे काढले, उकिडवे बसले, बराच वेळ बघितलं.

"हलका," म्हणाले.

लोकांनी पागोटी उडवली! हलका पाऊस म्हणजे काळ्या रानातल्या कपाशीला उत्तम. दादाने तिथेच जाहीर केलं, "मंग कापूस राहू द्या घरात. दिवाळीपर्यंत राहू थडीवर. नदी काही येत नाई!"

सगळे हो म्हणाले. वच्छला माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक आहे मला काय होतं ते.

वैशाख शुद्ध ६

बोललो! जेवताना बोललो. म्हणालो, "दादा, टिटवीला वर जागाच राहिली नाही. आपण गायरान नांगरलं. ती दोनदा वर बसली होती, मी पाहिलंय. खाली नाइलाजाने आली. त्यात पावसाचं काही नाही."

दादाने घास गिळला. "तुले टिटवीनं सांगतलं काय?"

"मी पाहिलं."

"तू पान्याचा शिंतोडा उडला तरी पळते, लेका. तुह्यावर गाव चालवू का नत्थुजीवर?"

नत्थुजींकडे जायला निघालो होतो. त्यांच्या झोपडीपर्यंत गेलो. ते दोर वळत बसले होते. "काय रे बापू?" म्हणाले. मी म्हणालो, "काही नाही, ऊन फार आहे." आणि परत आलो. थू माझ्यावर.

वैशाख शुद्ध ९

रहीमचाचाला विचारलं, चाचा, नदी यंदा कशी? नावेला डांबर फासत होता. म्हणाला, "दरिया का क्या भरोसा, बेटा. पन नत्थुजीनं सांगतलं म्हनजे झालं."

वच्छलाचे पाय सुजले आहेत. रात्री दचकून उठते. म्हणते, पाण्याचा आवाज झोपडीच्या आत येतो.

वैशाख शुद्ध १३

करून आलो.

भर दुपारी गेलो. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. वाळूने तळपाय भाजले. टिटवी उठली आणि माझ्या डोक्यावर यायला लागली — ओरडत, परत परत, पंखाचा वारा कानाला लागत होता. मी डोळे मिटून अंडी उचलली. चारही. ऊन ऊन होती. पागोट्यात घेतली. टेकाडावर मारुतीमागे, नांगरातून सुटलेल्या धुऱ्यावर, गवताच्या बांधावर, खडे मांडले आणि त्यांत ठेवली. टिटवी तिथवर मागे आली, मग परत फिरली. खालच्या रिकाम्या खळग्याकडे.

पाप केलं. वच्छला गरवार असताना केलं. हे कुणाला सांगू?

वैशाख पौर्णिमा

गुराख्याला अंडी दिसली. गावभर बोंब — टिटवीनं वर घातली! नत्थुजींना बोलावलं. ते गेले, जोडे काढून बसले, आमच्याकडे पाठ करून. खालच्यापेक्षा जास्त वेळ बसले. त्यांचा हात हलल्यासारखा वाटला, घाम पुसला असेल. मग उठले. चेहरा कसला तरी झाला होता.

"खालची लटकी होती," म्हणाले. "खरी ही. महापूर हाये. समद्यायनं घरात चला."

गलका झाला. दादा चिडला, पण नत्थुजींपुढे काय बोलणार? उद्यापासून कापूस अकोल्याला निघतो.

वैशाख वद्य ७

घरात आलो. आपल्या घरात, आपल्या भिंतींत! वच्छला दाराला टेकून बसली आणि रडली.

पण टिटवी गप्प बसत नाही. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, खाली वाळूत गोल गोल फिरते आणि ओरडते. वच्छला विचारते, "ते काहून इतकी वरडून राह्यली?" मी म्हणालो, उन्हाने. वरची अंडी उन्हात नासली. मुंग्या लागल्या. मी बघून आलो, आणि आल्यावर जेवण गेलं नाही.

ज्येष्ठ वद्य ३

मृग कोरडा गेला. आर्द्राही तशाच लागल्या. एक शिडकावा झाला, धूळ बसली, संपलं. नदीत गुडघाभर पाणी. पाणकावळे खडकावर पंख वाळवत बसलेत, त्यांना काही कामच नाही.

गाव नत्थुजींना शिव्या देतंय. कापूस घाईने काढावा लागला म्हणून. दादा त्यांच्या तोंडावर म्हणाला, "बुढ्याचे डोये गेले." नत्थुजी दोर वळत राहिले. मी तिथेच उभा होतो. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता!

ज्येष्ठ वद्य १२

वच्छला म्हणते, दोन दिवस पोटातलं हललं नाही. वहिनी हात लावून बघते आणि माझ्याकडे बघत नाही. टिटवी आता ओरडत नाही. ते जास्त वाईट.

आषाढ शुद्ध २

हललं! वच्छलाने माझा हात ओढून पोटावर ठेवला. मारुतीला नारळ फोडला. कशासाठी ते सांगितलं नाही.

आषाढ शुद्ध ८

लोक परत थडीवर जायला लागले. घरात उकडतं, खाली वारा आहे. रहीमचाचाचं बिऱ्हाड गेलं, आणखी काही गेली. गावात दुसऱ्यांचा कापूस घेऊन ठेवायचा नवा धंदा निघालाय, दादाने आमचं घरही कबूल केलं. परवा आपणही खाली.

मी नाही म्हणालो. चक्क नाही म्हणालो! दादा म्हणाला, "तू राय कापसात. वच्छला खाली येईन." वहिनीने बाळंतपणाची खाट उचलून झोपडीत नेऊनही ठेवली.

आषाढ शुद्ध ११

कालचं आज लिहितो.

वच्छलाला पहाटेच कळा लागल्या. वहिनी म्हणाली खाली न्या, खाट तिथे आहे. मी दारात आडवा उभा राहिलो. वहिनीला म्हणालो, खाट मी इथे आणतो, पण ही या दारातून बाहेर जाणार नाही. आणि खाट आणायला थडीवर गेलो.

आभाळ स्वच्छ होतं. ऊन पडलेलं. पण पात्रात एक पाखरू नव्हतं! सुरय नाहीत, बगळे नाहीत, खडकावर पाणकावळा नाही. असं मी कधीच पाहिलं नाही. पाणी गढूळ, वर सागाची पानं आणि फेस. साग इथे कुठे? तो मेळघाटात. म्हणजे पाऊस तिकडे झाला होता.

मी ओरडलो. पहिल्यांदा कुणी मान वळवली नाही, मी नेहमीच ओरडतो. मग आवाज ऐकू आला. वरून गाड्याच गाड्या याव्यात तसा. रहीमचाचाने नातीला खांद्यावर टाकलं आणि पळाला. सगळेच पळाले. मागून दादा आला, माझा दंड धरून मला वर ओढत होता, का मी त्याला, ते आठवत नाही.

टेकाडावरून बघितलं. आमची झोपडी उभी होती. मग नव्हती. खाट होती तिच्यात.

पाणी मारुतीच्या खालच्या पायरीला लागून थांबलं, वर घरांपर्यंत आलं नाही. माणूस एकही गेलं नाही. चाचाची नाव गेली. घरी आलो तर आतून रडण्याचा आवाज. मुलगी!

आषाढ वद्य १

पाचवी झाली. पोरगी दूध पिते, ठणठणीत आहे. रोज सकाळी उठून आधी तिच्या नाकाशी बोट धरतो.

गाव नत्थुजींच्या पाया पडून आलं. दादाही. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

आषाढ वद्य ५

नत्थुजी पोरीला बघायला आले. ओसरीत आम्ही दोघेच. त्यांनी कनवटीचे चार खडे काढले आणि माझ्यापुढे जमिनीवर मांडले, निमुळती टोकं सगळी आत, एकमेकांना टेकलेली.

"टिटवी अशी ठेवते. तू बाहीर टोकं करून ठेवली होती, बापू. म्या फिरवली."

 मी विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीत? आणि नंतर एवढ्या शिव्या का खाल्ल्या?

"मले बी नदीचं भेव लागते," ते म्हणाले. "लहानपनापासून. पन मले भेव लागते असं म्या म्हनलं तर गाव काय म्हनन?"

खडे गोळा करून ते पोरीच्या पाळण्याकडे गेले.