बारा नंबरची रेघ

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
दुपार, प्रयोगशाळेतून

प्रिय बारके,

तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. आई ठीक आहे. गुडघ्याला नवा पट्टा आणलाय, तो ती फक्त डॉक्टरांकडे जाताना बांधते. परवा शेजारणीला आपली कामं समजावून सांगत होती, धाकटी हवा गाडते आणि मोठी हवा मोजते. शेजारीण म्हणाली, मग मोठीचं काम सोपं की. आई म्हणाली, ती पहिल्यापासून सोपंच घेते. मी आतल्या खोलीत एकाच टॉवेलची घडी तीनदा घातली.

तुझा वर्तमानपत्रातला फोटो अजून फ्रिजवर आहे. विहिरीच्या तोंडाशी पिवळं हेल्मेट घालून तू, आणि डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर. ते कोपर माझं आहे. आईला दोनदा सांगणार होते, नाही सांगितलं.

इथे फार शांत आहे. पंप बंद होऊन आज अठरा दिवस झाले. सिमेंट कारखान्याचा जो कार्बन डायऑक्साइड आपण त्या विहिरीतून दीड किलोमीटर खाली खडकात सोडत होतो, तो पुन्हा चिमणीतून वर जातोय. गॅस दिसत नाही, पण चिमणी दिसते. मी कॅन्टीनमध्ये तिच्याकडे पाठ करून बसते.

मुख्य कार्यालयात तुला रोज काय काय विचारत असतील याची कल्पना आहे. मंगळवारी फोनवर तू म्हणालीस, ताई, तू तुझं काम केलंस, माझी झाकणीच फाटकी निघाली. झाकणी हा तुझाच शब्द, खालचा गॅस अडवून धरणाऱ्या त्या दाट चिकण खडकासाठी. पाच वर्षं तू सगळ्यांना ती समजावलीस, भेटीला आलेल्या शाळेच्या मुलांना तर पातेल्यावर ताट ठेवून. आता सोमवारी समितीपुढे तू विहीर कायमची बुजवायला संमती देणार आहेस, असं कळलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं.

मूळ गोष्टीकडे येते. येते म्हणते आणि मघापासून पेनाचं टोपण लावतेय, काढतेय.

बारके, तुझी झाकणी फाटलेली नाही.

पंप बंद झाला त्या सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी विहिरीभोवती मीटरभर खोल रोवलेल्या नळ्यांमधून मातीतली हवा ओढून मोजत होते. बारा नंबरच्या नळीला कार्बन डायऑक्साइड नऊ टक्के निघाला. एरवी तिथे दीडच्या वर जात नाही. डायरीत मी ‘भीती वाटली’ असं लिहिलं, मग खोडलं. भीती नव्हती. मला बरं वाटलं होतं.

मग ऑक्सिजन पाहिला. बारा टक्के. नऊ आणि बारा, एकवीस, साध्या हवेत ऑक्सिजन असतो तेवढेच. मातीत काही कुजत असलं की जेवढा ऑक्सिजन खर्च होतो साधारण तेवढाच हा गॅस तयार होतो. खालून गळती असती तर ऑक्सिजन एकोणीसच्या आसपास राहिला असता. तू रुजू झालीस त्या आठवड्यात मीच तुला हे बोटांवर मोजून दाखवलं होतं. आणि तीन पावलांवर माळीकाकांनी कापलेल्या गवताचा ढीग होता, शनिवार-रविवारच्या पावसात भिजलेला. मी त्यात हात घालून पाहिला. आतून चांगलाच तापला होता.

आणि तरी तक्त्यावर ऑक्सिजनच्या रकान्यात मी रेघ ओढली. रेघ म्हणजे उपकरण बंद. उपकरण चालू होतं.

माझा बेत काय होता तेही सांगते, तो किती लहान होता हे तुला कळावं म्हणून. अर्धा दिवस तुझी धावपळ व्हावी. मग मी उपकरण दुरुस्त झाल्याचं सांगून उलगडा करावा, आणि एकदा तरी खोलीतल्या माणसांनी माझ्याकडे वळून पाहावं. आकडा पाचच्या वर गेला की दुसऱ्याने येऊन पुन्हा मोजायचं आणि ‘तपासणार’च्या जागी सही करायची, हा नियम तूच घातलास. तू येशील, माझी उलटतपासणी घेशील, आपण भांडू, असं मी धरून चालले होते. मला ते भांडण हवं होतं. तू फोनवर एवढंच म्हणालीस, “तू मोजलंयस ना ताई? मग माझी सही धर.”

दहा मिनिटांत तू पंप बंद केलास.

दुसऱ्या दिवशी सगळे मोजायला येण्याआधी माळीकाकांनी ढीग उचलून नेला होता. त्यानंतर आकडा उतरत गेला. अधूनमधून होणारी गळती म्हणजे सगळ्यात वाईट, असं सगळे म्हणाले आणि मी मान डोलावली. तोंड उघडायचं तर रेघेबद्दलही सांगावं लागलं असतं.

इथे मी आधी आले. तुझ्या जागेचा अर्जही मीच घरी आणला होता. वाटलं होतं, शेजारी-शेजारी बसू. तू तीन वर्षांत जमिनीखालचं सगळं सांभाळू लागलीस आणि मी मीटरभर नळीशी राहिले. तू कधी तोरा मिरवला नाहीस. मिरवला असतास तर मला सोपं गेलं असतं, आठवड्यातून एकदा तुझ्यावर चिडून मोकळी झाले असते.

हे लिहिताना सगळं धुऊन निघालं असं समजू नकोस. तू मला सांभाळून घेशील आणि मग आई म्हणेल, धाकटीचं मन मोठं, या विचाराने आत्ताही माझा जळफळाट होतोय. सांभाळून घेऊ नकोस.

सोबत डायरीचं पान आहे, नऊ आणि बारा दोन्ही आकड्यांसकट. डायरीचं पान मी आजवर कधी फाडलं नव्हतं. ते फक्त तुझ्या हाती द्यायचं ठरवलं होतं. मग लक्षात आलं, असं केलं तर लपवायचं की दाखवायचं हे ओझंही तुझ्यावरच टाकल्यासारखं होईल. म्हणून पानाची प्रत आणि माझा लेखी जबाब, हे पत्र घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरबरोबरच समितीलाही पाठवलाय. सोमवारनंतर मी इथे असेन असं वाटत नाही. आईला मीच सांगेन.

लहानपणी तुझी गणितं मी तपासायचे. सगळी बरोबर असली तरी कुठेतरी एक लाल खूण करायचेच. तू पेन्सिलीचं टोक चावत उभी राहायचीस, माझ्यावर विश्वास ठेवून.

या वेळी तुझी सही मी धरलेली नाही.

नोंद घेणार: ताई

तपासणार: