माझं दूध खड्ड्यात होतं

चौसाळा, रविवार

प्रिय सुंदरदादा,

माहेर-सासर एकाच गावात, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. पण हल्ली मला बघून तू मान फिरवतोस, तेव्हा कागदच घेतला. वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला का?

चारा छावणीत पहिला महिनाभर आपलं किती बरं चाललं होतं! पावसानं पाठ फिरवली, विहिरी आटल्या आणि आपण दोघांनी जनावरं शेजारी शेजारी बांधली. वैरण आली की पहिली पेंढी तू माझ्या तांबडीपुढं टाकायचास. बद्रीनाथ इंजेक्शनवाला तिथंच फिरायचा. जनावर लंगडलं की टोच, चारा सोडला की टोच, काही नसलं तरी "असू द्या, बरं असतंय" म्हणून टोच. सगळ्यांनीच टोचून घेतलं. मीसुद्धा.

मग तांबडीला दगडी झाली. कास दगडासारखी टणक, सडातून दुधाच्या गाठी. बद्रीनाथनं तीन दिवस तेच औषध दिलं, फरक शून्य. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दूध तपासायला पाठवलं. म्हणाल्या, "मावशी, उठसूट देऊन देऊन हे औषध वाया घालवलंत तुम्ही. रोगजंतू आता त्याला जुमानत नाहीत." दुसरं औषध पाच दिवस, मध्येच सोडायचं नाही. शेवटच्या इंजेक्शननंतरही चार दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. एक सड कायमचा गेला, पण गाय वाचली.

नऊ दिवस, दोन्ही वेळचं दूध मी छावणीमागच्या खड्ड्यात ओतलं. इकडं बायका घागरभर पाण्यासाठी भांडत होत्या आणि मी दूध मातीत घालत होते. त्यांतली छबुबाई म्हणाली, "लई माजलीस गं." तू आलास नि म्हणालास, "येडी हायस का? एवढ्या दुधात कुणाला कळतंय?" तरी मी ओतत राहिले. ते कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेलं असतं, दादा.

त्याच नऊ दिवसांत आपल्या दूध संस्थेचं सगळं दूध प्लँटवरून परत आलं. त्यात औषध सापडलं. गावभर माझ्याच नावानं बोंब, चतुराच्या आजारी गाईचं दूध! तू संस्थेचा चेअरमन, आणि मी खड्ड्यात ओतताना तू डोळ्यांनी बघितलेलं. तरी तू गप्प बसलास. आदल्या दिवशी बद्रीनाथनं तुझ्या जर्सी गाईला टोचलं, तेव्हा तिची मान कुणी धरली होती? मीच. "आता हिचं दूध घालू नको," असं कोण म्हणालं होतं? मीच. तरी तू ते घातलंसच.

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. पण काल संस्थेची नोटीस आली, खाली तुझी सही. उद्याच्या सभेआधी लेखी माफी माग, नाहीतर सभासदत्व रद्द. तर दादा, हेच माझं लेखी उत्तर. मी माफी मागणार नाही. उद्या डॉक्टरीणबाईंनी औषध नि दिवस लिहून दिलेला कागद घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. तू आधी उठून खरं सांगितलंस, तर मी तोंड उघडणार नाही. तू नाही उठलास, तर मी उठेन.

तुझ्याच पाठची,
चतुरा