बंद घरांची यादी

आबा, नुसतं कुलूप लावून जाणं म्हणजे चोराला आवतन धाडणं, असं तुम्ही म्हणायचात आणि मला हसू यायचं. अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.ए. करणारी मी. गावच्या पोलीस पाटलानं असं बोलावं याची मला लाज वाटायची. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक भरायचे आणि निम्मं गाव गुढीपाडव्यापर्यंत कारखान्यांवर जायचं. जाताना जो तो आपल्या घराची चावी तुमच्या हातात द्यायचा. तुम्ही ती स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायचात. चावीवर नाव नाही, नंबर नाही. ज्याच्या त्याच्या घरच्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी तेवढी बांधलेली. कुठली कुणाची ते तुम्हाला आणि आईलाच ठाऊक. मागं राहिलेल्या बायकांना तुम्ही ही बंद घरं वाटून द्यायचात. रोज सकाळी त्या घरापुढं सडा, दोरीवर एखादं ओलं लुगडं, जमलं तर दारात शेळी. वाटेनं जाणाऱ्याला घर नांदतं दिसलं पाहिजे, एवढाच तुमचा कायदा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी कणगीतल्या सगळ्या चाव्या बाहेर काढल्या, आईला विचारून विचारून प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि एका मोठ्या कागदावर गल्लीवार यादी केली. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. तुम्ही चुलीपुढं बसलात, एकेक चिठ्ठी सोडलीत आणि जाळात घातलीत. शेवटी यादी घातलीत. "कालेजात शिकलीस ते कालेजात ठेव," म्हणालात. "बंद घराची यादी एकच माणूस करतो. चोर." मी काय गप्प बसणार? म्हटलं, "आणि बायकांना फुकट सडा टाकायला लावता, ते?" आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला कवा इचारलंस का गं, मी कावून टाकते ते?" मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत.

चाळीस वर्षं मी ते मनात धरून ठेवलं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा गावानं मला ग्राम सुरक्षा समितीची अध्यक्ष केलं, आणि मी पहिल्या बैठकीत तुमची पद्धत मोडली. वेशीवर आणि देवळापाशी कॅमेरे बसवले. घरोघर शिट्ट्या वाटल्या. बायकांना सांगितलं, आता सडा बंद, लुगडी वाळत घालणं बंद. मग केजहून यादी टाइप करून आणली आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, एसटी थांबते तिथंच. 'खालील घरे पाडव्यापर्यंत बंद आहेत. येता-जाता लक्ष ठेवावे.' तेवीस घरं, गल्लीवार. अक्षर न अक्षर शुद्ध.

सगळ्या बायकांनी ऐकलं, एक काकू सोडून. तुम्हाला आठवेल ती, आईबरोबर शेतात निंदायला जायची. मुलगा आणि सून तोडीला गेलेले, म्हणून ती रात्री दिराकडं निजायची. पण सकाळी येऊन आपल्या बंद घरापुढं सडा टाकायची आणि दोरीवर लुगडं घालायची. मी दरडावलं, "काकू, कॅमेरा बसवलाय. आता कशाला कंबर मोडून घेता?" ती म्हणाली, "तुजा क्यामेरा सडा टाकतो का गं? मग मला टाकू दे." बायका फिदीफिदी हसल्या. मला राग आला होता, तो लपवला नाही.

दोन दिवसांनी फळ्यापाशी एक मोटारसायकल थांबली. दोघं अनोळखी तरुण. त्यांनी यादीचा मोबाइलवर फोटो काढला. मी समोरच्या कट्ट्यावर बसून पाहत होते. मला वाटलं, आपल्या गावात दाखवायला नेत असतील. वाटलं, बघा आबा.

केजच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गाव रिकामं असताना ते जीप घेऊन आले. वीज गेलेली होती, कॅमेरे बंद. यादीतली पाच घरं फोडली, आणि यादीत नसलेल्या एकाही घराला हात लावला नाही. काकूचं घर पाचवं. दारात सडा होता, दोरीवर लुगडं होतं. तेवढ्यावर ते पुढं गेले असते. पण कागद सांगत होता, घर बंद आहे. काकू वाळलेलं लुगडं काढायला आली आणि ते तिला दारातच भेटले. ढकललं, ती ओट्याच्या दगडावर पडली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेली, नवव्या दिवशी गेली. त्या दुपारी मी ओट्यापाशी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. म्हणाली, "आलीस का? मला वाटलं, आता कुणीच येत न्हाई."

जमादारांनी विचारलं, इतकी नेमकी बंद घरं त्यांना कशी कळली? मी म्हटलं, ट्रक भरून जातात, ते साऱ्या तालुक्याला दिसतं. त्यांनी लिहून घेतलं. यादीचं कुणी नाव काढलं नाही. फळा रिकामा दिसला तेव्हा कुणीतरी म्हणालं, वाऱ्यानं उडाला असेल कागद.

यंदा दसऱ्यानंतर काकूचा मुलगा चावी घेऊन दारात उभा राहिला. मी इथल्या शाळेत होते तेव्हा चौथीला माझ्या वर्गात होता. चावीला त्याच्या आईच्याच लुगड्याचा काठ बांधला होता. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाकडं दे." तो म्हणाला, "आसं कावून म्हंता बाई? तुमी तर पळत आलता आमच्या म्हातारीसाठी." चावी घेतली. कणगी आता नाही, पिठाच्या डब्यात ठेवली आहे. रोज सकाळी मी त्याच्या दारात सडा टाकते. मला तो नीट येत नाही, एका जागी शेणपाण्याचं डबकं होतं. बायका बघतात आणि पुढं जातात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एवढंही लिहिते. शेजारीण ओरडत आली, "बाई, चला, काकूला पाडलं!" आणि मी खरंच पळाले. वाटेत ग्रामपंचायत लागते. तिथं मी थांबले. कागद ओढला असता तर कोपरे फळ्याला राहिले असते, म्हणून चारही टाचण्या एकेक करून काढल्या. एक गंजलेली होती, तिला वेळ लागला. कागद घडी करून पोलक्यात घातला आणि मग काकूकडं गेले.