कोळंबी दिसली की विकून टाका

मी, मर्ल विनिफ्रेड टकवेल, कै. नेव्हिल टकवेल यांची पत्नी, वय त्र्याऐंशी, राहणार जिलाँग, राज्य व्हिक्टोरिया, डोके ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाखाली नसताना आणि जावई घरात नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांनी हृदयाचा फोटो दाखवून मान हलवली. मान हलवायचे पैसे वेगळे घेतले. तेव्हा उशीर करण्यात अर्थ नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. गेल्या महिन्यात लिहिलेले तर मुळीच धरू नये. त्याचे कारण पुढे येईल.

कलम १. राहते घर माझी एकुलती एक मुलगी ग्लेनिस हिला, तिच्या एकटीच्या नावाने. जावई ब्रेट गेल्या ईस्टरला फीत घेऊन आला आणि बैठकीची खोली मोजून गेला. "पडद्यांसाठी हो, सासूबाई," म्हणाला. पडद्यांसाठी माणूस खिडकी मोजतो, जमीन मोजत नाही.

कलम २. नेव्हिलची दुरुस्तीची हत्यारे शेजाऱ्याच्या मुलीला, कॅथलीनला. ती मागून नेते आणि पुसून परत आणते. असे दुसरे कुणी मला या गल्लीत भेटलेले नाही.

कलम ३. हिरवळीवर चेंडू घरंगळवतात त्या बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत आम्हा बायकांचे शेअर मंडळ भरत असे. प्रत्येकीने एक कंपनी सुचवायची, बाकीच्यांनी तिचे वाभाडे काढायचे. वॅल्मे प्राऊस हिने केस सेट करणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून आम्हाला एका निकेलच्या खाणीत उतरवले. खाणीत निकेल नव्हते. पुढे कळले की खाणही नव्हती. त्या शेअरचे प्रमाणपत्र मी चौकटीत घालून संडासात टांगले आहे. ते वॅल्मेला द्यावे आणि तिनेही तिथेच टांगावे. तिने नेलेला माझा स्कोन-पावांचा डबा मात्र आधी परत घ्यावा, मगच चौकट हातात द्यावी.

कलम ४. आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझे शेअर. एक वाणसामानाची साखळी, एक बँक, एक रक्त तपासणारी कंपनी, एक टोलरस्ता आणि नेव्हिल जिथे मागावर कामाला होता ती ब्लँकेटची गिरणी. हे मी कसे निवडले, असे मला पुष्कळ जण विचारतात, आणि विचारताना माझ्या पर्सकडे बघतात. उत्तर साधे आहे. कंपनीचे रंगीत अहवाल मी वाचते, पण त्यातले हसरे चेहरे बघून कधी पैसे लावत नाही. मी वार्षिक सभेला जाते. आधी तिथले संडास बघते, मग अध्यक्षांचे बूट, मग खाण्याचे टेबल. अंड्याचे सँडविच असले तर कंपनी ठीक चालली आहे. चहासोबत नुसती कोरडी बिस्किटे असली तर फारच उत्तम, माणसे पैसा जपून वापरतात. कोळंबी दिसली की विकून टाका. ज्यांना आपल्याला कोळंबी खाऊ घालायची गरज वाटते, त्यांना आपल्यापासून काहीतरी लपवायचे असते. या एका नियमावर मी तीन बुडत्या कंपन्यांतून वेळेत बाहेर पडले.

कलम ५. ब्रेटविषयी. हा गृहस्थ लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देतो. रविवारी लॅमिंग्टन घेऊन येतो आणि केकच्या खालून हळूच त्याच्या कंपनीच्या फंडाची पुस्तिका सरकवतो.

"सासूबाई, या वयात कशाला एकेका कंपनीच्या मागे धावायचं? सगळं फंडात टाका. तज्ज्ञ लोक बघतात तिथे."

"तज्ज्ञांचा पगार कोण देतं, जावईबापू?"

"तो अगदी किरकोळ असतो हो."

"मग तुम्हीच भरा ना, किरकोळ आहे तर."

फंड वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. बाजार जसा चालेल तसा चालणारा, स्वस्तातला एक फंड मी कॅथलीनला स्वतः घेऊन दिला आहे. पण ब्रेटच्या फंडात बाजार वर गेला तरी ते आपली फी कापून घेतात, खाली गेला तरी घेतात. असा न्याय मी फक्त टोलनाक्यावर पाहिला आहे, आणि म्हणूनच टोलरस्त्याचे शेअर घेतले.

माझा जीव टांगणीला लागला होता तो ग्लेनिसपायी. पोर गाईसारखी गरीब. तिचा चष्मा कधी जागेवर नसतो. मला वाटे, मी डोळे मिटले की ब्रेट टेबलावर कागद ठेवील, ती न वाचता सही करील आणि माझी आयुष्यभराची निवड त्या फंडाच्या घशात जाईल. मग म्हातारपणी ती कुणाच्या दारात उभी राहणार? म्हणून गेल्या महिन्यातल्या मृत्युपत्रात मी तिला रक्कम हप्त्याने मिळावी, वकिलावर दुसरा वकील असावा, अशा अटी घातल्या होत्या. त्या सगळ्या रद्द.

कलम ६. रद्द का, ते लिहिते. गेल्या गुरुवारी मेलबर्नला वाणसामानाच्या कंपनीची सभा होती. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. मी ग्लेनिसला फोनवर सांगितले की दिवसभर झोपून राहणार, ती म्हणाली दात दाखवायला जाणार, आणि मी स्टेशन गाठले. दारात भागधारकांना मतदानासाठी पिवळे कार्ड देतात, पाहुण्यांना निळे. मी मागच्या रांगेत बसले. टेबलाकडे पाहिले तर कोळंबी. मी प्रश्न विचारायला उठणार, तेवढ्यात पुढून एक बाई पिवळे कार्ड उंचावून उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, गेल्या वर्षी इथे अंड्याचं सँडविच होतं. यंदा नफा घटलाय आणि कोळंबी आलीय. ही कुणाच्या पैशांची?"

सभागृह हसले. अध्यक्ष पाणी प्यायले. ती माझी ग्लेनिस होती. चष्मा नाकावर होता.

चहाच्या टेबलाशी मी तिला गाठले.

"तू झोपलेली आहेस ना, आई?"

"आणि तू दात दाखवायला गेलीयेस ना?"

दोघींनी कोळंबीला हात न लावता चहा ओतून घेतला. मग मी विचारले, "हे शेअर कधीपासून?"

"बरीच वर्षं. घरखर्चातून थोडे थोडे. तू जे घेतेस ते."

"ब्रेटला ठाऊक आहे?"

"नाही. आणि तो वाईट नाहीये गं, त्याला ऑफिसात जे पढवतात ते बोलतो. ज्या दिवशी कागदावर सही करायची नसते, त्या दिवशी माझा चष्मा सापडत नाही. एवढंच."

इतकी वर्षे मी सगळ्या जगावर संशय घेतला. माझ्या मुलीला अक्कल आहे, असा संशय मात्र मला एकदाही आला नाही. मला फार आनंद झाला आणि थोडा रागही आला.

"म्हणजे माझं सगळंच आहे तुझ्याकडे?"

"गिरणी सोडून."

"का? तिथे तर कोरडी बिस्किटं असतात."

तिने माझा हात धरला. "आई, ते काटकसर नाही करत. त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही उरलंच नाहीये. ब्लँकेटं परदेशातून येतात, इथे नुसतं लेबल शिवतात. गेल्या सभेत तुला मिळालेलं ब्लँकेट उलटून तरी पाहिलंस का?"

मी पाहिले नव्हते. घरी येऊन पाहिले. जी बाई अध्यक्षांचे बूट बघते, तिने ते ब्लँकेट तसेच घडी घालून कपाटात ठेवले होते. किनार यंत्राने भराभर शिवलेली, धागे सुटलेले. नेव्हिल मागावर उभा असता तर त्याने ते फेकून दिले असते.

कलम ७. सबब, माझे सर्व शेअर आणि बँकेतली शिल्लक ग्लेनिसला, कोणतीही अट न घालता. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. वाणसामानाचे शेअर मी सोमवारी विकले.

गिरणीचे शेअर तिने विकावेत. ती म्हणते ते खरे आहे. पण माझ्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी विकावेत, माझ्या डोळ्यांदेखत नको. त्यात जे नुकसान होत राहील ते माझे. तेवढी चैन मी आयुष्यात पहिल्यांदा करते आहे.

कलम ८. नेव्हिलने लग्नाच्या वर्षी स्वतः विणलेले, हाताने किनार शिवलेले निळे ब्लँकेट माझ्या पलंगावर आहे. ते शवपेटीत माझ्या अंगावर घालावे. अंत्यविधीवाले दुसरे एखादे घालून हे ठेवून घेतील, म्हणून झाकण लावण्यापूर्वी ग्लेनिसने किनार तपासावी. चष्मा लावून.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि पुन्हा वाचला. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही. ज्याला मिळते त्याच्या सहीवर माझा विश्वास नाही. तिघांनी एकमेकांसमोर, माझ्याच पेनाने सह्या केल्या.

मर्ल विनिफ्रेड टकवेल (सही)

साक्षीदार: थिओडोरा पाप्पास, औषधांचे दुकान (सही)
साक्षीदार: लेस्ली हूपर, निवृत्त पोस्टमन (सही). पेन परत घेतले.

जिलाँग, २० नोव्हेंबर २०१९