शाळेसाठी दारोदार

प्रिय दादा,

रविवारपासून माझं कशातच लक्ष लागत नाही. चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर म्हणाले, "बाई, शाळेत तुम्ही शिकवता, मदतीचं तुम्हीच बोला." मी उठले. छप्पर गळतंय, दोघी शिक्षिका सोडून चालल्यात, सगळं सांगितलं. बेकरीवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "तुमचा भाऊ परदेशातून पाठवतो की दरवर्षी! आमचं काय अडलंय?"

लोक हसले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "यंदा तो पाठवणार नाही."

वेदीसमोर खोटं बोलले रे! पण हसू थांबलं. बाहेर बेकरीवाला माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "माझी पोरगी तिथेच वाचायला शिकली. छपराचं मी बघतो. बाकीच्यांना तुम्ही सोडू नका."

तेव्हापासून मी घरोघर फिरतेय. कोणी आत बोलावतं, कोणी आतूनच "नंतर या" म्हणतं.

दरवर्षी मी कळवलं की तू पैसे पाठवतोस; यंदाही कळलं तर लगेच पाठवशील आणि इथे सगळे पुन्हा निवांत होतील. म्हणून हे पत्र पाठवत नाही. शाळा बंद पडली तर तुला काय तोंड दाखवू, हा विचार पाठ सोडत नाही.

आता शिंप्याकडे जाते. सकाळी त्याने मला बघून दार लावून घेतलं होतं.

तुझी धाकटी