बाजाराच्या दिवशीची गोळी

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी दीड तास बोटं आखडलेली! कप दोन तळव्यांत दाबून चहा प्यायले. चौतिसाव्या वर्षी ही गत. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संधिवात आहे. आठवड्यातून एकच गोळी. दोन-तीन महिने धीर धरा." विसरायला नको म्हणून ठरवलं — बाजाराच्या दिवशी घ्यायची. आज गावचा बाजार. घेतली.

भाकरी चार महिन्यांपासून सासूबाईच थापतात. वर टोमणा — "आमच्या येळी असली थेरं नव्हती!" मला माझ्या हातची भाकरी करायचीय. बस्स, एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार
मंगळवारी गोळी घेऊन माहेरी आले, वसमतला. हळद काढून राहिलेत सगळे, मी बांधावर बसून. आज इथला बाजार. धाकटी बहीण नीता ओरडली, "ताई, तुही गोळी राहिली!" घेतली. गुणाची पोरगी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सासरी परत. तोंडभर फोड, पाणीसुद्धा झोंबतं. गोळी हातात घेतली आणि एकदम लक्षात आलं — इथला बाजार मंगळवारी, माहेरचा शनिवारी. एका आठवड्यात दोन गोळ्या! अगं बाई, कसली बावळट मी!

फोन केला. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "बाजार नाही, वार धरायचा! आजची घेऊ नका. आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला या."

सासूबाई म्हणाल्या, "फेक त्या गोळ्या उकिरड्यावर! हात गेले तं गेले, जीव तरी ऱ्हाईल." मीही फेकणारच होते. यांनी पाकीट काढून घेतलं नि मोटारसायकल काढली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
फोड गेले. रक्त ठीक आलं. बाईंनी पुन्हा सुरू करायला सांगितली. भिंतीवर खडूने लिहिलं — मंगळवार. भीत भीत गिळली.

२ एप्रिल
सकाळी बोटं आखडली ती फक्त वीस मिनिटं!!

२१ एप्रिल, सोमवार
भाकरी थापली. एकच, कडा फाटलेली. पण फुगली! रडूच आलं मला. सासूबाई नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

२२ एप्रिल, मंगळवार
सासूबाईंनीच गोळीची आठवण करून दिली. मग जवळ बसल्या, आपली वाकडी बोटं माझ्या मांडीवर ठेवली. "ईस वर्सं झाली. मला कोणी नेलंच न्हाई गं. तुही डॉक्टरीण माहे हात बघंल का?"

याच बोटांनी माझ्या वाट्याच्या भाकरी थापल्या त्यांनी! गुरुवारी जातोय. दोघी.